साळगावकर हरले की मी जेवत नसे: आवडता संघ आणि आपलं वाढतं वय

मंडळी, हा धागा एका जेवणामुळे काढतोय.

गेल्या मोसमात आपला फुटबॉल संघ एफसी गोवा मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर हरला. त्या रात्री मी फोंड्याला घरी आलो, हातपाय धुतले आणि बांगड्याचं हुमण-शीत पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा भात वाढून घेताना बायकोने विचारलं, "आज हरले ना?" माझा हात तिथेच थांबला. ती मला सव्वीस वर्षं ओळखते, तिचा प्रश्न साधा नव्हता.

लहानपणी साळगावकर, म्हणजे गोव्यातला जुना फुटबॉल क्लब, हरले की मी जेवत नसे. हट्ट म्हणून नव्हे, घासच उतरत नसे. आई ताट झाकून ठेवायची. बाबा मोसमात दोन-तीनदा कदंबाच्या बसने मॅचला न्यायचे, बाकी सगळी भिस्त आकाशवाणी पणजी आणि सकाळच्या पेपरावर. १९८४ साली मी तेरा वर्षांचा होतो. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोव्याने राज्याराज्यांमधला संतोष चषक जिंकला, आणि तोही पूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. त्या मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक पोराला गोलकीपर व्हायचं होतं. पुढे खेळायला कोणी तयारच होईना! मग साळगावकरांनी १९८८चा फेडरेशन कप आणला, गोव्याच्या क्लबने जिंकलेला पहिला. पुढे १९९८-९९ची राष्ट्रीय लीग, तीही गोव्यात पहिल्यांदा आणणारे साळगावकरच. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा, नोकरीवाला माणूस, आणि घराच्या पायरीवर बसून रडलो होतो.

प्रेम आटलंय असं मला वाटत नाही. पण हरण्याचं दुखणं गेलंय, आणि ते नेमकं कधी गेलं ते आठवत नाही. तुमचं काय झालं? कुठल्या वयात काय बदललं ते लिहा. फुटबॉलच हवा असं नाही.

वास्को, वय ६६

माझं बदललं ते छातीतल्या दुखण्याने. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी फुटबॉलबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, बंदी घातली ती माझ्या धाकट्या लेकीने. लाइव्ह मॅच बघायची नाही. सकाळी निकाल कळल्यावर रेकॉर्डिंग बघायचं.

पहिले दोन महिने जीव तळमळला. टिळक मैदानावर वाढलेला माणूस मी. पोरवयात वास्को क्लबची मॅच असली की शाळा सुटायच्या आत भिंतीवर असायचो. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. निकाल माहीत असला की नजर चेंडूवरून सुटते. मग दिसतं की बॅक खेळणारा पोरगा चेंडू नसताना किती धावतो, चुकलेल्या सहकाऱ्याची जागा कोण भरतो. पन्नास वर्षं मी फक्त गोल बघत होतो असं म्हणायला हरकत नाही.

२० डिसेंबर २०१५ची आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल मी फातोर्ड्यावर बसून पाहिली होती. ८७व्या मिनिटाला आपण चेन्नईविरुद्ध २-१ने पुढे होतो, आणि शिट्टी वाजेपर्यंत ३-२ने हरलो. बरोबरीचा गोल आपल्याच गोलरक्षकाला लागून आत गेला होता. त्या पोराला मी त्या रात्री जे जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. गेल्या वर्षी धीर करून रेकॉर्डिंग लावलं. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या वयाचा विचार आला. सव्वीस. त्या वेळी माझी धाकटी लेकही सव्वीसचीच होती. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ बाल्कनीत बसलो.

म्हापसा, वय ३८

काका, तुमचं वाचून मला मंदार आठवला. मंदार राव देसाई आमच्या म्हापशाचा, एफसी गोवाचा पहिल्या मोसमापासूनचा खेळाडू. आम्ही चौघी मैत्रिणी नोकरीवरून थेट फातोर्ड्याला जायचो, परतताना गाड्यावर रस ऑम्लेट खायचो आणि रात्री बाराला घरी पोचायचो. मंदार डाव्या बाजूने धावत सुटला की आम्ही चौघीही उभ्या राहायचो.

२०२०मध्ये आपले आधीचे प्रशिक्षक लोबेरा मुंबईच्या संघाकडे गेले आणि मागोमाग मंदारही गेला. मी तेहतीसची होते, मला हे शोभत नव्हतं, तरी आठवडाभर मी कोणाशी धड बोलले नाही. घरातला माणूस न सांगता उठून गेल्यासारखं वाटलं. मार्च २०२१मध्ये सेमीफायनल आपली आणि मुंबईची, आमच्याच बांबोळीला, पण कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. आपण टायब्रेकरमध्ये ६-५ने हरलो. अर्ध्या तासावरच्या मैदानात आपला संघ हरतोय, समोरच्या संघात मंदार, आणि मी दिवाणखान्यात पोटुशी बसलेली.

मुलगी आता चार वर्षांची आहे. तिच्या बाबांची बदली होऊ शकते, माझी होऊ शकते, हा हिशेब आमच्या घरात रोज चालतो. २०२४मध्ये आपला ब्रँडन फर्नांडिसही मुंबईच्या संघात गेला. मी "बरं झालं, चांगले पैसे मिळतील" असं म्हणाले आणि कुकर लावला. मनापासून म्हणाले. पण त्या तेहतीस वर्षांच्या बाईचा राग खोटा होता असं मला आजही वाटत नाही.

कुंकळ्ळी, वय १९

माझ्यात अजून काहीच बदललेलं नाही, तरी लिहितो. २२ ऑक्टोबर २०२५ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर एफसी गोवाविरुद्ध खेळायला फातोर्ड्याला आला. रोनाल्डो येणार म्हणून आजोबांनी आणि मी महिनाभर दिवस मोजले. तो आलाच नाही. आजोबा खट्टू झाले, "मग कशाला जायचं" म्हणाले. मी त्यांना ओढत नेलं. दोन गोलांनी मागे असताना ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आणि रोनाल्डो कोण हेच मी विसरलो. हरलो १-२. आजोबांचा घसा दोन दिवस बसला होता. ते ७४ वर्षांचे आहेत.

डिचोली, वय ५८

मला धाग्याच्या प्रश्नाबद्दलच थोडं बोलायचं आहे. वय वाढलं म्हणून वेड गेलं, असं सगळे धरून चालले आहेत. माझं वय वाढण्याआधी माझा संघच समोरून गेला.

मी डेम्पो क्लबवाला. खाणीवर होतो. आमच्याकडे खाण आणि फुटबॉल वेगळे नव्हते. डेम्पो, साळगावकर, सेझा ही नावं ट्रकवरही होती आणि जर्सीवरही. खेळाडूंना कंपनीत नोकरी असायची, त्यामुळे काल गोल मारणारा माणूस उद्या कचेरीत भेटू शकत असे. आता आकडे सांगतो, कारण नव्या पोरांना ते ठाऊक नसतात. २००६-०७ची राष्ट्रीय लीग डेम्पोची. मग तिच्या जागी आय-लीग सुरू झाली: २००७-०८ डेम्पो, पुढे चर्चिल, पुन्हा डेम्पो, साळगावकर, पुन्हा डेम्पो, आणि २०१२-१३ला पुन्हा चर्चिल. सलग सात वर्षं देशाचं विजेतेपद या एवढ्याशा राज्याबाहेर गेलं नाही! २००८ला डेम्पो आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत पोचले. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, पुढे रँटी मार्टिन्स. ही नावं मी अजून देवाच्या नावांसारखी एका दमात घेतो.

२०१२मध्ये खाणी बंद झाल्या. २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. देशाची सर्वांत वरची लीग आयएसएल होणार आणि आपण खालच्या पायरीवर राहणार, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा निर्णय मला समजतो. पण मी ४९ वर्षांचा होतो, ऐन उमेदीत होतो, आणि शनिवारी संध्याकाळी जायला जागा उरली नाही. लोक म्हणाले, एफसी गोवा आहे की. आहे, आणि ते जिंकले की मला आनंदही होतो. पण तो भाच्याच्या लग्नातला आनंद आहे, मुलाच्या नव्हे.

डेम्पो २०२४-२५ला आय-लीगमध्ये परतले. मी गेलो. माझ्या ओळीत सहाजण होतो, सगळ्यांचे केस पांढरे. कोणीच ओरडत नव्हतं. डेम्पोने गोल मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. धागाकर्त्याला विचारतो: तुमचं दुखणं वयाने गेलं, की साळगावकर समोर नाहीत म्हणून गेलं?

मडगाव, वय ७१

बाळांनो, माझं सगळंच उलटं आहे. मला हे वेड साठाव्या वर्षी लागलं.

आमच्या काळात मुलीने मैदानावर जायचं नसे. भाऊ जायचे, आम्ही त्यांच्या येण्याची वाट बघत चहा ठेवायचो. मॅच कशी झाली ते त्यांच्या चपला काढण्याच्या आवाजावरून कळायचं. १९८६च्या विश्वचषकात मी बत्तीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा. मेक्सिकोतल्या मॅच आपल्याकडे रात्री. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, खोलीभर पुरुष. मुलगा झोपत नाही हे निमित्त करून मी त्यांच्या मागल्या दारात येरझाऱ्या घालायचे आणि प्रत्येक फेरीत थोडं थोडं बघायचे. ब्राझील-फ्रान्सच्या मॅचला ब्राझीलच्या झिकोने पेनल्टी घेतली आणि ती अडली. खोलीतून जो आवाज निघाला तो मी त्याआधी फक्त मयताच्या घरी ऐकला होता. मुलगा दचकून रडायला लागला, आणि मीही. नेमकं काय गेलं ते मला कळलं नव्हतं. त्या माणसाचा चेहरा मात्र मनात राहिला.

१५ ऑक्टोबर २०१४ला एफसी गोवाची घरची पहिली मॅच. तोच मुलगा मला म्हणाला, "आई, चल." मी म्हटलं, मी कुठे जाऊ या वयात. तो म्हणाला, "प्रशिक्षक झिको आहे." मी साडी बदलली.

फातोर्ड्याचं मैदान माझ्या घरापासून जवळ. तिथे दिवे लागायचे ते मी कित्येक वर्षं गच्चीवरून बघत होते, आत पहिल्यांदा गेले. झिको रेषेपाशी उभा होता. अठ्ठावीस वर्षांनी. केस गेलेला, पोट किंचित सुटलेलं, हात मागे बांधून. आपण १-२ हरलो, मला त्याचं काही वाटलं नाही. परतताना मात्र मुलाला म्हटलं, पुढची कधी आहे?

तेव्हापासून घरच्या मॅच सहसा चुकवत नाही. आणि मला दुखतं, बरं का. हरले की रात्री झोप लागत नाही. भावांना जे पंधराव्या वर्षी झालं ते मला साठाव्या वर्षी झालं, तर तेवढं दुखायलाच हवं.

साखळी, वय ४७

आम्ही सत्तरी-डिचोलीकडचे लोक क्रिकेटवाले. कापणी झाली की शेतात खेळपट्टी, ती पाऊस येईपर्यंत. ६ एप्रिल २००१ला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचा निर्णायक सामना फातोर्ड्यावर होता, पहाटे निघून गेलो. लक्ष्मणचं शतक पाहिलं, तरी हरलो. बेव्हन शेवटपर्यंत उभा होता.

माझा संघ भारत, असं मला वाटायचं. नोव्हेंबर २०१३मध्ये सचिन निवृत्त झाला आणि कळलं की माझा संघ एकाच माणसाचा होता. मी पेपरचं शेवटचं पान उघडणं सोडलं. वय पस्तीस.

डिसेंबर २०२२मध्ये अर्जुन तेंडुलकर गोव्याकडून पहिला रणजी सामना खेळणार होता, पर्वरीला. रजा टाकून गेलो. त्याने १२० केले. पण त्याच डावात दुसऱ्या टोकाला आपला सुयश प्रभुदेसाई खेळत होता, त्याने २१२ केले. आलो होतो एका आडनावासाठी, आणि दुपारनंतर बघत राहिलो सुयशला. आता रणजीचे गोव्याचे स्कोअर रोज बघतो. हरतातच बहुधा. बघतो.

पेडणे, वय ३३

थोडक्यात लिहितो. मी मँचेस्टर युनायटेडवाला. मे २००८ची चॅम्पियन्स लीगची मॉस्कोतली फायनल पहाटेपर्यंत जागून पाहिली तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आता रात्री दहाला डोळे मिटतात. गावातल्या पोरांना रविवारी सकाळी शिकवतो, त्यांच्या मॅचला मात्र माझ्या हाताला घाम फुटतो.

फोंडा, धागाकर्ता

डिचोलीच्या दादांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. आई आता ८२ वर्षांची आहे, तिला विचारलं, मी जेवायचा कधी लागलो? ती म्हणाली, "तुझे बाबा गेले त्या वर्षापासून." २००३. साळगावकर तेव्हा राष्ट्रीय लीगमध्येच होते. म्हणजे दादा, संघ समोर असतानाच ते गेलं होतं. मॅच संपल्यावर घरी येईपर्यंत बसमध्ये बाबांशी बोलायचं असायचं, कोणी चूक केली, कोणाला बदलायला हवं होतं. ते बोलणं संपलं आणि मी जेवायला लागलो. मला हे आजवर कळलं नव्हतं.

साळगावकर गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये अजून खेळतात. त्यांची पुढची मॅच म्हापशाला धुळेर मैदानावर असली की इथेच कळवतो. वास्कोच्या काकांनी लेकीची परवानगी काढावी. मडगावच्या मावशींना आणायला माझी गाडी येईल, परतताना बोलत येऊ.