अनुभव धागा: आपण दिलेले पैसे कुणाच्या हाती पोहोचतात?

वस्तू विकत घेताना ती कुणी केली, करणाऱ्याला त्यातून किती मिळाले आणि ती करताना कुणाला काय सोसावे लागले, याचा विचार आपल्यापैकी अनेकजण करू लागले आहेत. गाणे ऐकताना, पुस्तक घेताना किंवा चित्रपट पाहताना मात्र हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. जणू साडी विणणाऱ्याला पोट असते आणि गीत लिहिणाऱ्याला ते नसते. म्हणून या धाग्यात दोन्ही विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत. आपण जाणीवपूर्वक केलेली एखादी खरेदी, मनात घर करून राहिलेले संगीत, पुस्तक किंवा चित्रपट, आणि त्यामागच्या माणसांविषयी आपल्याला काय कळले, ते सविस्तर लिहावे. उपदेश नको, अनुभव हवेत. मतभेद असल्यास तेही मोकळेपणाने मांडावेत.

शिक्षिका, येवला (जि. नाशिक)

माझ्या घराच्या मागच्या गल्लीत माग आहेत, त्यामुळे पैठणीविषयी मला लोक सतत विचारतात. बहुतेकांचा प्रश्न ‘खरी कशी ओळखायची’ हा असतो. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून, धागा धाग्यात अडकवून विणली जाते. त्यामुळे मोर असो वा कमळ, ते दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसते. यंत्रावर काढलेल्या नक्षीच्या पाठीमागे मोकळे सुटलेले किंवा कापलेले धागे असतात. दुकानात साडी उलटी करून पाहायला कुणी हरकत घेत असेल, तर तेथून निघावे हे उत्तम.

माझा अनुभव मात्र ओळखण्याच्या पलीकडचा आहे. बहिणीच्या लग्नासाठी आम्ही साडी थेट विणकराकडे सांगितली आणि अधूनमधून ती पाहायला जात राहिलो. रेशीम कर्नाटकातून आणि जरीची तार सुरतेहून येते, हे मला ठाऊक होते. परंतु दोन्हींचे भाव वाढले की वाढलेला सगळा भार विणकराच्या मजुरीवर कसा येतो, हे तेथे बसल्यावर कळले, कारण गिऱ्हाईक रेशमाच्या आणि जरीच्या भावात घासाघीस करू शकत नाही, ती मजुरीतच होते. पदर भरगच्च असेल तर एका साडीला काही महिने लागतात आणि त्या काळात घर व्यापाऱ्याने दिलेल्या आगाऊ रकमेवर चालते. येवला व पैठणच्या पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले, मजुरीला नव्हे. आम्ही ठरलेल्या किमतीत घासाघीस केली नाही, याला मी फार मोठी गोष्ट समजत नाही. ज्या नातेवाइकांनी ‘फसलात’ असे सांगितले, त्यांच्या अंगावर तशाच दिसणाऱ्या यंत्रमागाच्या साड्या होत्या, एवढे मात्र नमूद करते.

संगीताचा विद्यार्थी, सांगली

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या गुरुजींनी सर्व विद्यार्थ्यांना तेथील कारागिरांच्या गल्लीत नेले. शस्त्रे करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला सुरुवात केली, ही गोष्ट आम्ही ऐकून होतो. आपला तानपुरा शेतात सुरू होतो, हे मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय उमगत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारे मोठे भोपळे वाळवून, निवडून आणले जातात. त्यांचा आकार जुळला तरच पुढचे काम. अवकाळी पाऊस झाला तर वाद्याची किंमत वाढते, हे वाक्य तेथे मी पहिल्यांदा ऐकले.

मी तोपर्यंत फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज करीत असे आणि प्रवासात आजही करतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. परंतु कारागिराने घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, जवारी (वरचा किंचित बाकदार भाग) घासून, तारेखालचा दोरा किंचित सरकवून स्वर उघडा केला, तेव्हा एकाच तारेतून गंधार ऐकू येऊ लागला. त्यानंतर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मला निराळ्या ऐकू येतात. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली वारले, आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा होते. त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत मी पूर्वी फक्त गळा ऐकत असे. आता त्यांच्या मागचे स्वर शोधत राहतो आणि ते घडवणाऱ्या हातांचे नाव कोणत्याही तबकडीवर नाही, याची रुखरुख लागते.

मी वाद्य थेट कारागिराकडून घेतले. ते दुकानापेक्षा स्वस्त पडले नाही, पण जवारी पुन्हा लावायची झाली की कुणाकडे जायचे हे मला माहीत आहे.

निवृत्त ग्रंथपाल, ठाणे

पुस्तकांच्या बाबतीत ‘पदपथावरचे स्वस्त पुस्तक म्हणजे चोरी’ असे सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले. म्हणजे त्यांचे लेखन 2011 च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले झाले. ‘श्यामची आई’ची निरनिराळ्या प्रकाशकांची, निरनिराळ्या किमतींची पुस्तके दिसतात ती त्यामुळे, आणि ती घेण्यात काडीचाही अपराध नाही. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक स्वस्तात खेडोपाडी पोहोचते, यात मला आनंदच आहे.

हयात असलेल्या लेखकाची, धूसर मुखपृष्ठाची, उचलताच पाने सुटणारी चोरटी प्रत मात्र मी कधी घेतली नाही. मराठीत बहुतांश लेखकांचे मानधन इतके तुटपुंजे असते की आपण पैसे वाचवण्यासाठी त्यातून काही काढून घ्यावे, असे त्यात फारसे उरतच नाही. पैसे नसतील तर वाचनालय आहे. तेथे एक प्रत विकत घेतली जाते आणि ती शेकडो जण वाचतात.

आवडत्या पुस्तकाविषयी विचारले आहे, तर मी बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे नाव घेईन. स्वतः अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, सोपानदेव चौधरी व आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ती पुस्तकरूपाने आली. शेत, जाते, माहेर यांविषयी रचताना त्यांनी वाचक कल्पिलाच नसेल. त्यांच्या हयातीत त्यांना एक रुपयाही मिळाला नाही, कौतुकही घराबाहेरचे नाही. कर्त्याला त्याचे देणे मिळाले का, या तुमच्या प्रश्नाचे याहून अवघड उदाहरण मला सुचत नाही.

मूळ गाव बीड जिल्ह्यात, सध्या नोकरी पुण्यात

वरील सर्व अनुभव वाचले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते कुणाला टोचले तर क्षमस्व.

साडी, वाद्य, पुस्तक यांत निवड करता येते. साखरेत ती करता येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते, दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे एकच कामकरी, मोजला जातो, मजुरी टनावर मोजली जाते आणि आजारपणामुळे एक दिवस चुकला तरी खाडा, म्हणजे दंड, पडतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 साली राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आता सांगा, दुकानातल्या साखरेच्या पुड्यावर यातले काय लिहिलेले असते? ‘सेंद्रिय गूळ घ्या’ असे मला सुचवले जाते. परंतु त्याचा ऊसही कुणीतरी तोडतोच.

‘सामना’ हा चित्रपट मी महाविद्यालयात असताना पाहिला. तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निळू फुले आणि श्रीराम लागू यांची जुगलबंदी, या सगळ्याविषयी मित्र बोलत होते आणि मी मात्र साखर कारखान्याच्या मालकीच्या त्या जगात माझे चुलते कुठे उभे असतील, ते शोधत होतो. आवडता चित्रपट म्हणून मी त्याचे नाव सांगतो, तरी ‘आवडता’ म्हणताना जीभ अडखळते. खरेदीदाराच्या विवेकावर माझा विश्वास कमी आहे. हंगामापूर्वी कामगारांची नोंदणी, विमा आणि टनाचा दर ठरवणारे करार यांवर अधिक आहे.

गृहिणी, कोल्हापूर

बीडच्या दादांचे म्हणणे मला पटले, तरी माझ्या गावचे एक सांगते. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये आमच्या चपलेसारखी चप्पल श्रेयाविना झळकली आणि केवढा गदारोळ झाला. पुढे त्या कंपनीने चपलेचे मूळ मान्य केले. तेव्हा संतापलेल्या शेजाऱ्यांना मी विचारले की घरी कोल्हापुरी आहे का, तर बहुतेकांच्या पायात रबरी होत्या. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत बरीच माणसे यात राबतात, आणि वेणीचे काम करणाऱ्या बायका तर दुकानात कधी दिसतच नाहीत. मी चप्पल घेते ती अशाच एका घरातून. पहिले काही दिवस चावते, हे खरे.

संगणक अभियंता, फ्रँकफर्ट

24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यानंतर येथे ‘हे कपडे कुणी शिवले’ हा प्रश्न दुकानांत विचारला जाऊ लागला. जर्मनीने मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडील मानवी हक्कांची जबाबदारी घ्यायला लावणारा कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू केला. म्हणून बीडच्या मित्रांशी मी सहमत आहे. माझ्या जुन्या कपड्यांच्या खरेदीपेक्षा असा कायदा अधिक काम करतो. संगीत मात्र मी विकत घेतो. भारतात स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कायम केला, तो हक्क त्यांना लिहून देऊन टाकता येत नाही, हे मला येथे आल्यावर कळले.

येवल्याच्या ताईंना एक विचारायचे आहे. पुढच्या भेटीत आईसाठी पैठणी घ्यायची आहे. ‘सिल्क मार्क’ असला म्हणजे ती हातमागाची, असे समजायचे का?

शिक्षिका, येवला

नाही, दादा. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याची खात्री देतो; यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमालाही तो मिळतो. हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो, तो पाहावा, आणि दोन्ही असले तरी पदर उलटून पाहावा. येण्यापूर्वी काही महिने कळवलेत तर माग आपल्याला दाखवता येईल.