मदत हवी आहे: मुलांना कचरा प्रकल्प आतून दाखवायचा आहे, परवानगी कोण देतं?

मृण्मयी_वि
नमस्कार. जरा लवकर उत्तर हवं आहे, दिवाळीची सुट्टी संपत आली. सोसायटीतल्या मुलांना कचरा प्रकल्प दाखवायचा आहे. घंटागाडी रोज येते, ओला-सुका वेगळा घेऊन जाते. पुढे त्याचं काय होतं असं मुलं विचारतात, तेव्हा आम्हा मोठ्यांपैकी एकालाही धड सांगता येत नाही. व्हिडिओ दाखवून झाले. आता प्रत्यक्ष दाखवायचंय, आईबाबांसकट, आणि तिथे मुलांना हाताने काहीतरी करायला मिळालं पाहिजे. फोन केला की या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात. पत्र नक्की कोणाच्या नावे द्यायचं?

तासगावकर
सोसायटी कुठली? सांगली, मिरज की सातारा? मुलं किती, केवढाली? ताई, एवढं तरी सांगा की.

कृष्णाकाठचा_कराडकर
सरळ कराडला या. स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, २०२० साली एक लाख वस्तीच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं होतं. प्रकल्प बघून झाला की प्रीतिसंगमावर डबे खा, यशवंतरावांची समाधी दाखवा. मुलांचा दिवस सार्थकी लागेल.

विटेकर_८८
२०२१ ला त्याच गटात विटा पहिलं आलं, ते विसरलात वाटतं. सांगलीकरांना तासगावमार्गे विटाच सोयीचं. येताना वाट वाकडी करून सागरेश्वर अभयारण्यही होतं.

कृष्णाकाठचा_कराडकर
मग २०२२ ची पाचगणीपण सांगा, तीही पहिलीच. आणि त्या वर्षी पहिल्या तिघांत कराड होतंच.

मृण्मयी_वि
नंबर नकोत हो, परवानगीचं सांगा! सांगली, विश्रामबाग. मुलं पंचवीसेक, सहा ते चौदा वर्षांची. गाडीची सोय होईल.

रासवाला
(घनकचऱ्याच्या कामात बरीच वर्षं होतो.) सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका, त्यामुळे पत्र आयुक्तांच्या नावे आणि प्रत आरोग्य विभागाला. कराड, विटा या नगरपरिषदा, तिथे पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. पत्रात मुलांची संख्या, वयं, सोबत किती मोठी माणसं आणि दोन पर्यायी तारखा लिहा. एकच तारीख दिली आणि ती जमली नाही की पत्र तिथेच पडून राहतं. पत्र देऊन पोच घ्या आणि तुमच्या भागातल्या स्वच्छता निरीक्षकांना गाठा. त्यांना माणसं माहीत असतात, फोनवरच्या माणसाला नसतात.

काय बघायचं तेही ठरवून जा. ओल्या कचऱ्याच्या राशी लावतात, त्या ठरावीक दिवसांनी उलटतात. रास नीट चालली असेल तर आत ५५ ते ६० अंशांपर्यंत तापते, उलटताना वाफ निघते. ती आग लावून आलेली नाही, जिवाणूंच्या कामाची आहे. लांब दांड्याचा तापमापक असला तर तिथल्या माणसाला आकडा मोठ्याने वाचायला सांगा. सुक्याच्या शेडमध्ये पट्ट्यावर माल सरकतो, बायका पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढतात, मग दाबून गठ्ठे बांधतात. पाण्याच्या बाटलीचा पुढे पॉलिस्टर धागा होतो हे मुलांना खरं वाटत नाही, जरूर सांगा. वेफर्सच्या पाकिटात मात्र प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेले असतात, ते सहज सुटे होत नाहीत. म्हणून ती बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात.

डॉ_नीलांबरी
सहा वर्षांची मुलं? माझा स्पष्ट विरोध. समडोळी रोड, बेडग रोड इथल्या कचरा डेपोंच्या बाजूचा धूर आणि वास लोकांनी सोसलाय. दम्याच्या मुलाला तिथे नेऊ नका.

रासवाला
डॉक्टर, डेपो वेगळा आणि प्रक्रिया शेड वेगळी. जुन्या ढिगाऱ्यात मिथेन होतो, आग लागते, तिथे कोणालाच नेऊ नये हे मान्य. मी शेडबद्दल बोलतोय.

डॉ_नीलांबरी
शेडमध्येही धूळ असतेच. दहाच्या आतल्यांना नेऊ नका. बाकीच्यांना मास्क आणि बंद बूट. घरी आल्यावर साबणाने हात.

परसबाग_मिरज
एवढा खटाटोप कशाला? घरीच खत करा. भोकं पाडलेली बादली, तळाला नारळाच्या शेंड्या, मग ओला कचरा आणि त्यावर सुका पाला, थोडं आंबट ताक. दीड-दोन महिन्यांत काळं खत. वास आला की पाला वाढवायचा, बस.

मृण्मयी_वि
घरी करतोच आम्ही. मुलांना गावाचं बघायचंय.

गावभागवाले
कचरा बघायचा तर २०१९ चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गाद्या, कपाटं, वह्या-पुस्तकं, सगळं चिखलासकट रस्त्यावर. बाहेरगावचे सफाई कामगार आले होते आमची गल्ली उपसायला. त्यांचं ऋण आम्ही विसरणार नाही.

भंगार_भाव
जुन्या बॅटऱ्या आणि मोबाईल असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत ई-कचरा केंद्रालाच द्या.

तासगावकर
ते कोणी विचारलंय, राव?

शाळेतल्या_बाई
आम्ही पाचवीचा वर्ग नेला होता. मुलांच्या हातात प्रकल्पातला कचरा देऊ देत नाहीत, आणि देऊही नये. आम्ही घरून धुतलेली रिकामी पाकिटं, बाटल्या, डबे नेले आणि पाहणी झाल्यावर बाहेर सतरंजीवर खेळ लावला: कुठली वस्तू कुठल्या डब्यात. बाटली-डब्याच्या तळाच्या त्रिकोणातला प्लास्टिकच्या प्रकाराचा आकडा शोधायचा, १ म्हणजे पाण्याची बाटली, ५ म्हणजे बहुतेक टिफिनचा डबा. आईबाप मुलांपेक्षा जास्त चुकत होते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं, हे तिथल्या एका कामगार ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. पट्ट्यावर तो कचरा त्या हाताने उचलतात. वर्ग एकदम गप्प झाला. निघताना मुलांनी त्यांना नाव विचारलं, नमस्कार केला. मृण्मयीताई, तुमच्या पत्रात एक ओळ टाका: कामगार ताईंशी बोलायला पंधरा मिनिटं द्या. यंत्रं सगळे दाखवतात, हे मागावं लागतं.

मृण्मयी_वि
बाई, ही ओळ टाकलीच. रासवाला, पत्र आयुक्त आणि आरोग्य विभागाला आजच दिलं, पोच घेतली. विट्याच्या मुख्याधिकाऱ्यांनाही ईमेल केला, इथे नाही जमलं तर तिकडे. दहाच्या आतल्यांना नेत नाही, त्यांच्यासाठी सोसायटीतच पाकिटांचा खेळ लावू. डॉक्टर, मुलांचे मास्क मिरजेत कुठे मिळतील?

विटेकर_८८
विट्याला आलात तर आधी कळवा. स्वच्छता निरीक्षकांशी मी बोलून ठेवतो.