हाड जुळलंय, प्लेट काढावी का?

दोन वर्षांपूर्वी पावसात जिन्यावरून घसरले, उजवा घोटा मोडला. बाहेरच्या बाजूला प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. हाड छान जुळलंय, पण सँडलचा पट्टा नेमका प्लेटवर येतो आणि मांडी घालून बसलं की कळ येते. डॉक्टर म्हणतात, "त्रास असेल तर काढू, नसेल तर राहू द्या." काढलेल्यांनी आणि मुद्दाम ठेवलेल्यांनीही अनुभव लिहा.

*

ताई, माझीही घोट्याचीच. दीड वर्षाने काढली. कमरेतून भूल, जुन्याच व्रणावर छेद, दुसऱ्या दिवशी घरी. पहिल्या वेळेच्या मानाने दुखणं काहीच नाही. त्यामुळेच माणूस बेफिकीर होतो. स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत तिथलं हाड कच्चं असतं. मला दोन महिने धावणं, उड्या बंद होत्या.

जुन्या ऑपरेशनचे कागद नक्की न्या. स्क्रू कोणत्या बनावटीचे ते कळलं तरच त्याला बसणारा स्क्रूड्रायव्हर मागवता येतो. माझी फाईल हरवली होती, ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. आता पंगतीत मांडी घालून जेवते.

*

माझ्या दंडात नऊ वर्षं प्लेट आहे. सर्जननी काढायला नको म्हटलं. मनगट उचलणारी नस त्या हाडाला वळसा घालून जाते, ती प्लेटला चिकटलेली असू शकते. दुखावली तर पंजा लुळा पडतो. थंडीत थोडं ठणकतं, तेवढं सोसतो.

*

मुलगा आठ वर्षांचा. हाताच्या दोन्ही हाडांत टायटॅनियमच्या लवचिक सळया होत्या, सात महिन्यांनी काढल्या. त्याने डबीत जपून ठेवल्यात.

*

नडगीतला रॉड गुडघा दुखतो म्हणून काढला. दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. गुडघे टेकून देवाला नमस्कार अजून जमत नाही. पूर्ण आराम पडेलच असं धरून चालू नका, एवढंच कळकळीने सांगते.

*

गळपट्टीच्या हाडाची प्लेट. एका स्क्रूचं डोकं झिजलं, फिरेचना. ते कापून काढावं लागलं, टोक आतच आहे. त्रास नाही, पण ही शक्यता मला आधी कुणी सांगितली नव्हती.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटातली फाईल शोधली, इम्प्लांटचे स्टिकर त्यात आहेत. सोमवारी जातेय. स्क्रू अडकला तर काय करणार आणि नंतर किती आठवडे जपायचं, हे दोन प्रश्न फाईलवरच लिहून ठेवलेत.