शब्दचर्चा : गेममधला ‘अजेंडा’, ‘प्रचार’ आणि ‘भाष्य’ (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून)

दर्यापूर : पोट्ट्यांच्या व्हिडिओ गेमवरच्या वादात ‘या गेममध्ये अजेंडा घुसवला’ हे हमखास येते. सभेची विषयपत्रिका तर हा नव्हे. मग नेमका शब्द कोणता, ‘प्रचार’ की ‘भाष्य’?

आर्वी : आधी गेम कोणी काढला ते पाहा. ‘अमेरिकाज आर्मी’ (2002) खुद्द अमेरिकी लष्करानं भरतीला हातभार म्हणून काढला आणि फुकट दिला. तिथं ‘प्रचार’च.

वणी : ‘भाष्य’ बहुतेकदा नियमांत असते. ‘पेपर्स, प्लीज’ (2013) घ्या. खेळणारा म्हणजे एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमानाक्यावरचा, कागदपत्रं पाहणारा तपासनीस. तपासलेल्या माणसामागे 5 क्रेडिट (गेममधले पैसे). दिवसातल्या पहिल्या दोन चुकांवर ताकीद, तिसरीपासून दंड. त्याच कमाईतून घरभाडं, जेवण, थंडीत घर गरम ठेवणं. दया येऊन तिसऱ्याला कागदांविना सोडलं की घरच्यांच्या औषधाला पैसे पुरत नाहीत. संवादांचे स्क्रीनशॉट टाकून ‘राजकारण कुठं आहे, दाखवा’ म्हणणाऱ्याला हे दिसणार कसं?

दर्यापूर : अन् बीजीएमआय, म्हणजे पबजीच्या भारतातल्या आवृत्तीमधलं हिरवं रक्त? थेही भाष्य काय बापा?

आर्वी : नाही, ती तडजोड. 2020मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, 2021मध्ये भारतापुरती वेगळी आवृत्ती निघाली. रक्त हिरवं, ‘किल’ऐवजी ‘फिनिश’. शेवटी उरेल तो जिंकला, हा नियम जागचा हलला नाही.

वणी : शंका असली तर नियम पालटून पाहा. समजा, कापूस खरेदी केंद्राचा गेम आहे आणि खेळणारा ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढं कपात, 12च्या वर गाडी परत. माल परत करणं इथं चोख काम ठरते. आता त्यालाच शेतकरी करा. रांगेतला मुक्काम, रात्रीचं दव अन् गाडीभाडं जोडा. ग्रेडरच्या तोंडचं एक वाक्यही न बदलता गेमचं म्हणणं उलटलं. भाष्य ते हे.

दर्यापूर : मंग ‘अजेंडा’ शब्द टाकूनच द्यायचा?

आर्वी : टाकू नका, पण तो हेतूवरचा आरोप आहे. नियम तरी दाखवा, नाहीतर निर्मात्याचं जाहीर बोलणं. मुख्य पात्र बाई आहे, एवढ्यावर तो लागत नाही. वादात निम्म्या वेळा तेवढंच असते.

वणी : अनेकवचन ‘अजेंडे’ चालते. ‘गेम’ मात्र आपल्याकडं तो अन् ती, दोन्ही.