मान्यता नसलेलं सरकार आपल्या कोर्टात दावा लावू शकतं का?

तिसरं_सेम : शनिवारी सिव्हिल लाइन्सला मूट (लॉ कॉलेजचा सरावाचा खटला) आहे. प्रॉब्लेम असा: एका देशात बंड झालं, सरकार पळालं. नव्यांना भारताने मान्यता दिलेली नाही. जुन्यांनी कळमन्याच्या व्यापाऱ्याला तांदळाचे आगाऊ पैसे दिले होते, माल गेलाच नाही. आता नवे लोक नागपुरात दावा लावतायत. मी व्यापाऱ्याकडून उभी आहे. समोरचे दिवाणी संहितेचं कलम ८४ दाखवणार, 'परकीय राज्य दावा लावू शकतं'. काय म्हणू?

जुना_काळा_कोट : ८४ वर थांबू नको, ८७-अ काढ. माझ्या फाटक्या बेअर ॲक्टमध्ये (कायद्याच्या नुसत्या कलमांचं पुस्तक) तिथे सिनियरने लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'आधी हे वाच'. परकीय राज्य म्हणजे केंद्र सरकारने मान्यता दिलेलं राज्य. मान्यता आहे की नाही याची दखल कोर्ट स्वतःच घेतं, साक्षीदार उभे करायची गरज नाही.

पण बाप्पा, एवढ्यावर नाचू नको! तुझ्या प्रॉब्लेममध्ये राज्य तेच आहे, त्याला मान्यताही आहे. बदललंय ते सरकार. हे न्यायाधीश पहिल्या दोन मिनिटांत विचारतील. तुझा खरा मुद्दा: राज्याच्या नावाने दाव्यावर सही करणारा हा कोण?

इंग्लंडमधला सोमालियाचा निकाल बघ. तिथेही तांदूळच होता. १९९१ मध्ये मोगादिशूत लढाई, जहाज उतरवता येईना, माल विकून रक्कम कोर्टात जमा. हंगामी सरकारच्या वतीने ती मागितली, न्या. हॉबहाउस यांनी दिली नाही. देशावर प्रत्यक्ष ताबा किती, ब्रिटनचं सरकार त्यांच्याशी सरकार म्हणून वागतं का, हे त्यांनी तपासलं.

संत्रानगरी : १९७८ चा फायझरचा अमेरिकी निकालही आहे. त्यात दावा लावणाऱ्यांत आपलं भारत सरकार होतं! त्यातही मान्यताप्राप्त सरकारांनाच कोर्टाचं दार उघडं, असं म्हटलंय.

तिसरं_सेम : सर, मग व्यापाऱ्याने पैसे गिळायचे का?

जुना_काळा_कोट : तसं म्हटलंस तर हरलीस. म्हण, देणं नाकारत नाही, चुकीच्या हातात दिलं तर उद्या खरा मालक पुन्हा मागेल. रक्कम कोर्टात भरायची तयारी आधीच दाखव.

तिसरं_सेम : आत्ता शेवटचं पान बघितलं. दाव्यावर सही आहे 'हंगामी अध्यक्षांचे खासगी सचिव'. अधिकारपत्र कुठेच जोडलेलं नाही.