मिश्र घटनांनी भागायचं कशासाठी?

टकरीतून उडालेल्या कणांच्या जोड्यांमधले सहसंबंध मोजताना त्या मोजणीला ‘मिश्र घटनांनी’, म्हणजे वेगवेगळ्या टकरींतले कण जोडून केलेल्या जोड्यांनी, भागतात; ते कशासाठी, हा प्रश्न. पण आधी हे: ‘दोन कण एकाच दिशेने निघाले म्हणजे एकाच जेटमधले (जेट म्हणजे एकाच मूळ कणापासून निघालेला कणांचा फवारा)’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकावरच्या सीएमएस प्रयोगाने २०१० मध्ये ७ टीईव्ही ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतल्या भरपूर कणांच्या घटना (एक घटना म्हणजे एक नोंदलेली टक्कर) निवडल्या, तेव्हा बीमच्या, म्हणजे आदळणाऱ्या प्रोटॉनांच्या झोताच्या, दिशेत एकमेकांपासून खूप लांब असलेले कणही बीमभोवती जवळजवळ त्याच कोनात सापडले. हाच तो ‘रिज’ (आलेखात लांबट कडेसारखा दिसतो म्हणून हे नाव). जड केंद्रकांच्या टकरींत तो आधीच दिसला होता. प्रोटॉनमध्ये दिसल्यावर खरी गंमत सुरू झाली.

आता भागाकाराचं. डिटेक्टरची व्याप्ती अपुरी, त्यात बंद पडलेले भाग, म्हणून खोटे सहसंबंध दिसतात. एका टकरीतला कण दुसऱ्या टकरीतल्या कणाशी जोडला की भौतिकीतलं नातं उरत नाही, उरतो फक्त यंत्राचा ठसा. एकाच टकरीतल्या जोड्यांच्या मोजणीला त्यानेच भागायचं, म्हणजे तो ठसा निघून जातो. मात्र मिसळायच्या घटनांची कणसंख्या आणि टकरीची जागा जुळती हवी (हे हमखास विसरलं जातं!).