मदत हवी आहे: बाबांच्या ५७ च्या शेव्हीला फोड आलेत, आतला धातू सडतोय का?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा गेल्या श्रावणात गेले. त्यांच्या मागे डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या मॉडेल गाड्या राहिल्यात, मोजल्या तर ४१ भरल्या, सगळ्या जुन्या अमेरिकन. आजोबा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते, तिथे तेव्हा डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या, त्या गोष्टी ऐकतच बाबा वाढले आणि खरी गाडी घेणं काही जमण्यातलं नव्हतं म्हणून मग ही छोटी. आतेभाऊ डेट्रॉइटजवळ राहतो, तो आला की कपड्यांत गुंडाळून एक तरी गाडी आणायचाच. प्रत्येकीखाली कोणी आणली, कधी आणली याची बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे.

आता मुद्दा. नवरात्राआधी शोकेस साफ करायला घेतलं, तर १९५७ ची शेव्हरोले (शेव्ही) बेल एअर, १:२४ वाली म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी, फिरोजी रंगाची, तिच्या बॉनेटवर आणि डाव्या दारावर बारीक बारीक फोड. मोहरीपेक्षा लहान, बोट फिरवलं की घामोळं आल्यासारखं लागतं. उचलायला गेले तर उचलेना, चारही टायर खालच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बेसला चिकटलेले. हळूहळू हलवत सोडवली, तर बेसवर टायरच्या नक्षीचे चार खड्डे आणि कडेला तेलकट चिकटपणा. त्यात डाव्या फिनची, म्हणजे मागच्या पंखासारख्या उंच कडेची, मागची क्रोमची पट्टी हातात आली. खऱ्या गाडीत त्या पट्टीमागेच पेट्रोलचं झाकण लपवलेलं असतं, लहानपणी बाबा आम्हाला विचारायचे, पेट्रोल कुठून भरतात ते शोधून दाखवा, आणि आम्ही गाडी उलटीपालटी करत बसायचो. म्हणून ती पट्टी हातात आल्यावर फार वाईट वाटलं.

नेटवर वाचलं की झिंक पेस्ट म्हणून प्रकार असतो, म्हणजे जस्ताला लागलेली कीडच, आणि त्याला औषध नाही. हे तेच आहे का? बाकीच्या ४० गाड्यांना लागेल का? आई म्हणतेय ही आधी वेगळी काढ. पट्टी इन्स्टंट ग्लूने चिकटवू का? आम्ही डोंबिवलीला राहतो, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, शोकेस प्लायवूडचं आहे, आईने त्यात डांबरगोळ्या टाकून ठेवल्यात. विकायच्या नाहीयेत, फक्त टिकवायच्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी घाबरू नका. फोड वेगळे आणि कीड वेगळी. डायकास्टचा धातू म्हणजे जस्तात थोडं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली तर वर्षानुवर्षांनी धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज चढत जातो, तुकडा फुगतो, वाकतो, भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दमट उकाड्यात हे लवकर होतं. पण ते त्या ओतकामातच असतं, एकीचं दुसरीला लागत नाही, आईंना तसं सांगा. नुसते फोड बहुतेक वेळा रंगाखाली ओल गेल्याने येतात, विशेषतः गाडी प्लास्टिकमध्ये किंवा थर्माकोलमध्ये बरीच वर्षं बंद असेल तर. गाडी उलटी करून भिंगाने बघा, स्क्रूच्या आजूबाजूला भेगा आहेत का, दारं पूर्वीसारखी लागतात का. कीड असेल तर दार चौकटीत अडकायला लागतं.

टायरचं असं की मऊ व्हायनिलमधला तेलकट अंश बाहेर येतो आणि बेसचं प्लास्टिक खातो. चॅसिसखाली छोटा ठोकळा ठेवून चाकं अधांतरी ठेवा, नाहीतर टायरखाली अॅल्युमिनियम फॉइलचे तुकडे.

इन्स्टंट ग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने क्रोम आणि काचा पांढुरक्या होतात, आणि ते परत जात नाही. टाचणीच्या टोकावर पांढरा फेविकॉल घ्या, तो पुढे कधी काढताही येतो. फोड फोडू नका, रंगवू तर नकाच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. डांबरगोळ्या मात्र आजच काढा!! त्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, म्हणजे बेस, खिडक्या, हेडलाइट सगळं आलं. प्लायमधून पण आम्ल वाफा येत राहतात, जस्ताला त्या चांगल्या नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० च्या आसपास राहिला तर उत्तम. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे. गोळ्या काढल्या. बेल एअर भिंगाने पाहिली, एकही भेग नाही, दोन्ही दारं टिक करून लागतात. पट्टी फेविकॉलने बसवली आणि सेलोटेप न लावता रात्रभर उशीला टेकवून ठेवली, छान बसलीय. १:१८ ची ५९ ची कॅडिलॅक पण ठीक आहे, ती फुटापेक्षा लांब असल्याने शोकेसमध्ये तिरकीच ठेवावी लागते.

पण त्याच नादात सगळ्या ४१ उलट्या करून बघितल्या आणि छोटी प्लिमथ, जी बाबांनी आजोबांसाठी म्हणून मुद्दाम मागवली होती, तिच्या चॅसिसला सुकलेल्या चिखलासारख्या भेगा आहेत आणि बॉनेट मधोमध वर आलंय. रंगाला मात्र एक फोड नाही. काही करता येईल का हो?

प्रतिसाद १

ताई, तिला खरंच उपाय नाही. कोरड्या थंड जागी ठेवा, हाताळू नका, वेग कमी होईल इतकंच. आत्ताच सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मोजमापं लिहून ठेवा.

धागाकर्ती

फोटो काढले, खालच्या चिठ्ठीचा पण काढला. दुसरं शोकेस करायला दिवाळी उजाडेल, तोवर गाड्या स्टीलच्या कपाटात वरच्या खणात, सिलिका जेल घालून ठेवल्या तर चालेल ना?